कोठीला टेकवलेली गिटार

माझा भाऊ माघात, एका मंगळवारी गेला. तो नगरहून लग्नाचा कार्यक्रम करून मोटारसायकलवर घरी येत होता. घोडेगावच्या पुढे उसाच्या ट्रॉलीला त्याची गाडी धडकली. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्याच्या पाठीवर बेस गिटार होती. गिटारीला काही झालं नाही.

पोलिसांनी ती दुसऱ्या दिवशी वडिलांच्या हातात दिली. पिशवी एका बाजूने खडीवर घासली होती आणि तिची चेन उसवली होती. वडिलांनी कागदावर सही केली आणि जीपमध्ये बसल्यावर पिशवी मांडीवर आडवी धरून ठेवली. मी त्यांच्या शेजारी होते. पिशवीचं टोक माझ्या गुडघ्याला लागत होतं, पण मी पाय हलवला नाही. घरी आल्यावर त्यांनी ती मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी उभी करून ठेवली. त्यानंतर वर्षभर त्यांनी तिला हात लावला नाही.

आमची वस्ती सोनईहून राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत आहे. पुढे ओटा, मग दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे ती खोली. तिच्या भिंतीपलीकडे गोठा. मी राहुरीच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते. लग्न मोडून मी माहेरी परत आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आले त्या दिवशी घरात बरीच माणसं बसली होती आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायचं होतं. भाऊ माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्याने एवढंच विचारलं, की पुस्तकं कुठे ठेवायची. मग मागच्या खोलीतली स्वतःची खाट त्याने पुढच्या खोलीत काढली, आणि त्या खोलीत मी, माझी पुस्तकं आणि गव्हाची कोठी असे राहू लागलो.

गिटार त्याने त्यानंतर वर्षभराने आणली. तो दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ काम करायचा. दुकानातली सगळ्यात स्वस्त बेस होती ती. काळा रंग, जाड तारा, आणि दांडा किंचित वाकलेला. आवाजाचं एक बटण पहिल्या महिन्यातच पडून हरवलं, तर त्याने तिथे औषधाच्या बाटलीचं निळं झाकण बसवलं. आमच्या चुलत्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा तारा मोजल्या. म्हणाले, गिटारीला सहा तारा असतात, दोन वाटेत पडल्या का रं? भाऊ म्हणाला, "पडल्या नाहीत आण्णा, ज्यांना काम नव्हतं त्यांना सुट्टी दिली."

तो ज्या गाण्याच्या ग्रुपमध्ये वाजवायचा त्यात कीबोर्ड, ढोलकी, पॅड आणि दोन गाणारे होते. लग्नं, वाढदिवस, गणपती. आईने एकदा त्याचा कार्यक्रम पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, की सगळ्यांचं ऐकू आलं, तुझंच काही ऐकू आलं नाही. तो रागावला नाही. त्याने तिला सांगितलं, की विहिरीवरची मोटार चालू असते तेव्हा ती कुणाच्या ध्यानात असते का? ती बंद पडली की मात्र सगळे पळतात. आईला हे पटलं. पुढे कुणी विचारलं तर ती सांगायची, की आमचा पोरगा मोटारीचं काम करतो, आणि ऐकणाऱ्याचा वेगळाच समज व्हायचा.

दहाव्यानंतर त्याचे कपडे वाटले गेले. चपला, घड्याळ, मफलर, जे ज्याला द्यायचं ते दिलं. घरी सरावासाठी तो एक स्पीकर वापरायचा, तो ग्रुपचा होता. ग्रुपमधला कीबोर्ड वाजवणारा त्याचा मित्र तो न्यायला आला. त्याने गिटारीबद्दल काही विचारलं नाही. वडिलांनीच विषय काढला. माझ्या आजोबांचा पखवाज होता. आजोबा गेले तेव्हा वर्ष झाल्यावर तो देवळातल्या भजनी मंडळाला दिला होता. आमच्याकडे तशी रीत आहे. वाजवणारा गेला की वर्षभर वाद्य जागेवर ठेवायचं, आणि घरात दुसरा वाजवणारा नसेल तर वर्षश्राद्धाला ते बाहेर द्यायचं.

वडील त्या मित्राला म्हणाले, "वरीस होऊ द्या. मग ते तुमी न्या. वाजवनारा न्हाई त्या घरात वाद्य ठिवू न्हाई."

त्यांनी गिटार हा शब्द वापरला नाही. त्या वर्षात त्यांनी तो एकदाही वापरला नाही.

मित्र हो म्हणाला आणि स्पीकर टेम्पोत ठेवून गेला. मी दारात उभी होते. गिटार घराबाहेर जावी असं मला वाटत नव्हतं. पण वडिलांच्या बोलण्यात एक वाट राहिली होती, आणि ती मला त्याच संध्याकाळी दिसली. घरात दुसरा वाजवणारा असला तर वाद्य बाहेर जाणार नव्हतं. माझ्याकडे एक वर्ष होतं.

अडचण अशी, की त्याच वर्षात घरात काही वाजवायचं नव्हतं. सण नाही, गोड नाही, दाराला तोरण नाही, वाद्य नाही. आईने टीव्हीचा आवाजसुद्धा बंद केला होता. ती मालिकांतली माणसं नुसती ओठ हलवताना बघत बसायची.

मी फाल्गुनात सुरुवात केली. दर रविवारी दुपारी आई-वडील शेतात गेले, की मी खोलीचं दार लोटून गिटार पिशवीतून काढायची. स्पीकरला जोडल्याशिवाय तिला आवाज जवळजवळ नसतो. तार ओढली की एखाद्या माणसाने बंद तोंडाने हं म्हणावं एवढंच होतं, आणि तेही वाजवणाऱ्यालाच ऐकू येतं. म्हणून मी मनाशी ठरवलं, की हे वाजवणं नव्हे. जे कुणाला ऐकू येत नाही त्याने सुतक मोडत नाही. हा युक्तिवाद मी दर रविवारी करत होते आणि दर रविवारी तो मला थोडा कमी पटत होता.

त्याची एक वही होती. चौकटीची, शाळेत गणिताला वापरतात तशी. स्वरलिपी त्याला येत नव्हती. तारांना त्याने नावं दिली होती: जाड, दुसरी, तिसरी, बारीक. पुढे दांड्यावरच्या घरांचे आकडे. गाण्यांची नावं नव्हती, प्रसंगांची होती. हळद. नवरी येते. नवरा घोड्यावर. केक. जेवणं चालू. शेवटच्या पानावर मथळा होता, रोजचं. ते कुठल्या गाण्याचं नव्हतं. संध्याकाळी दूध घालून आल्यावर तो ओट्यावर बसून तेच वाजवायचा, हात मोकळा करायला. आम्ही ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकणं बंद झालं होतं. मी तेच शिकायचं ठरवलं.

जिथे तारांखाली लोहचुंबकाची पट्टी असते, तिच्या कडेवर उजव्या हाताचा अंगठा टेकवून ठेवायचा असतो. त्या जागी काळा रंग उडून फिका डाग पडला होता. त्याच्या अंगठ्याने. मी पहिल्यांदा तिथे अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. मग परत ठेवला. त्यापुढे कितीतरी रविवार मी फक्त आकडे शोधत होते. डाव्या हाताच्या बोटांना फोड आले. कॉलेजात एका सहकारी बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की तवा लागला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी खाटेच्या कडेला बसले होते. गिटारीचं डोकं, जिथे तारा पिळतात तो भाग, कोठीच्या पत्र्याला टेकलं. मी जाड तार ओढली आणि खोली भरून आवाज आला.

ती कोठी माणसाच्या उंचीची आहे, पत्र्याची, गोल. वरून गहू ओतायचा आणि खालच्या तोंडातून काढायचा. फाल्गुनात ती तळाला गेलेली असते. रिकाम्या कोठीच्या पोटातून तो आवाज आला, खोल आणि लांबलेला, अगदी त्याच्या स्पीकरमधून यायचा तसा. मी दोन्ही हातांनी तारा दाबून धरल्या. पत्रा तरी थोडा वेळ घुमत राहिला.

आई त्या दिवशी शेतात गेलेली नव्हती. ते मला माहीत नव्हतं. ती दारात आली, हाताला पीठ होतं.

"काय वाजलं?"

मी म्हणाले, कोठीला धक्का लागला.

तिने कोठीकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या गिटारीकडे पाहिलं. पीठ झाडत ती परत गेली. भाकरी थापण्याचा आवाज बऱ्याच वेळाने सुरू झाला.

ती वडिलांना सांगेल असं मला वाटलं होतं. पण तिने सांगितलं नाही, आणि मलाही पुन्हा काही विचारलं नाही. चैत्रात नवीन गहू आला. वडिलांनी आणि गड्याने कोठी गळ्यापर्यंत भरली. आता डोकं टेकवलं तरी आवाज आतच मरायचा. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. पण मी डोकं टेकवायचं सोडलं नाही, कारण पत्र्यातून जे थोडंसं यायचं त्यावरून तरी सूर बरोबर की चूक ते कळायचं.

पुढचे महिने मी कोठीवरून मोजले. आई दर आठ-दहा दिवसांनी दळणाला गहू काढायची, आणि प्रत्येक वेळी गिटारीचा आवाज थोडा वर यायचा. ज्येष्ठात तो कुजबुजीएवढा होता. श्रावणात तो माझ्या पोटाला जाणवायला लागला. मी जसजशी सुधारत होते तसतशी पकडली जायची शक्यता वाढत होती. वडील घरी असले की मी वाजवत नसे. ते बाहेर असले तरी माझा एक कान गोठ्याकडे असायचा. गाय उठली की गळ्यातली घंटा वाजते. घंटा वाजली की मी थांबायची.

भीती मारण्याची किंवा ओरडण्याची नव्हती. वडिलांनी आम्हाला कधी मारलं नाही. भीती अशी होती, की ते म्हणतील, वर्ष मोडलंस, आता ते आजच बाहेर जाऊ दे.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, मोटारीचे पाने, फवारणीचा पंप, आईचं शिलाई मशीन. त्या वर्षी सण नव्हता, म्हणून काही करायचं नाही असं मी धरून चालले होते. मी कॉलेजला गेले होते. संध्याकाळी परत आले तर ओट्यावर पाट मांडलेला होता. त्यावर विळे-खुरपी ओळीने, हळदकुंकू लावलेली, आणि मधोमध गिटार. ती ओली होती. निळ्या झाकणावर कुंकू होतं, चारही तारांवर हळदीची बोटं होती, आणि जिथे स्पीकरची वायर घालतात त्या भोकातून पाणी ठिबकत होतं.

आई म्हणाली, "सुतक मानसाला आसतं. हत्याराला नसतं."

वडील समोरच्या खाटेवर बसले होते. मी आईला विचारलं, की धुतली का?

"मग? नुसतीच पुजायची? दोन तांबे पानी घातलं. लई धूळ हुती गं, भावाला तुझ्या चाललं नसतं."

विजेची वस्तू पाण्याने धुवू नये हे आईला कळत नाही असं नाही. मिक्सर ती फडक्याने पुसते. पण ही गिटार त्या वर्षात कधी विजेला लावलेली तिने पाहिली नव्हती. तिच्या लेखी ती लाकूड आणि तार होती, विळ्यासारखी, माणसाच्या हाताने चालणारी. आणि तिने ती धुतली होती तेव्हा तिच्या मनात काय असेल ते मला कळत होतं. मी म्हणाले, बरं केलं. मग आत नेऊन फडक्याने पुसली, उलटी करून ठेवली. भोकातून आणखी पाणी आलं. काडीला कापूस गुंडाळून मी आत फिरवला. कापूस लाल झाला, कुंकवाने.

दोन आठवड्यांत तारांवर गंज चढला. तो मी खोबरेल तेलाने पुसून काढला. आतल्या गंजाचं काय झालं ते बघायला स्पीकर हवा होता आणि माझ्याकडे स्पीकर नव्हता. त्या दिवसापासून माघापर्यंत मी हे मनात घेऊन वाजवत होते, की कदाचित मी मुक्या वस्तूवर शिकते आहे. कुणाला सांगितलं असतं तर ते आईपर्यंत गेलं असतं. तिला कळलं असतं तर तिने स्वतःला माफ केलं नसतं. मी सांगितलं नाही.

मार्गशीर्षात एका रविवारी वडील उसाला पाणी द्यायला गेले होते. कोठी पुन्हा तळाला येत होती. मी ‘रोजचं’ पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजवलं, दोनदा. पहिल्यांदाच. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि घंटा वाजली. मी तारा दाबल्या. भिंतीपलीकडे कुणीतरी होतं. गाय जागची हलली, मग शांत झाली. माणसाच्या पायांचा आवाज पुढे गेला नाही, मागेही गेला नाही. मी किती वेळ तशी बसले ते सांगता येणार नाही. बोटांखाली तारांचे वळ उमटले. मग पायांचा आवाज विहिरीकडे गेला.

नंतर कळलं, की लाइट गेली म्हणून मोटार बंद पडली होती आणि वडील अर्ध्यातून परत आले होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी ताटात हात धुताना विचारलं, "कोठीत गहू किती राहिलाय?"

"तळाला गेलाय," मी म्हणाले.

"हं."

यातून काय समजायचं ते मला कळलं नाही. पुढचे दोन रविवार मी गिटार पिशवीतून काढलीच नाही. तिसऱ्या रविवारी काढली, पण डोकं कोठीला टेकवलं नाही. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा मी भावाच्या मित्राला फोन केला आणि सांगितलं, की गिटार न्यायला येशील तेव्हा स्पीकर घेऊन ये. त्याने कशाला म्हणून विचारलं. मी म्हणाले, नेण्याआधी वाजवून बघायला नको का. यात खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

वर्षश्राद्धाला गुरुजी सकाळी आले आणि विधी दुपारपर्यंत चालले. चुलते, आत्या, वस्तीवरची दोन घरं, ग्रुपमधले दोघं, एवढी माणसं जेवायला होती. जाताना गुरुजी आईला म्हणाले, की आता सगळं मोकळं झालं, दाराला तोरण बांधा. आई हो म्हणाली आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

जेवणं झाली. वडील उठले, मागच्या खोलीत गेले, आणि पिशवी दोन्ही हातांवर आडवी धरून बाहेर आले. वर्षाने त्यांनी तिला हात लावला होता. भावाचा मित्र हात पुसून उभा राहिला. वडिलांनी पिशवी पुढे केली.

मी म्हणाले, "थांबा. मी वाजवते."

मला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज लहान निघाला. चुलत्यांनी अडकित्ता खाली ठेवला. म्हणाले, "तू? आता हेच ऱ्हायलं हुतं." आत्या हसली, मग तोंडाला पदर लावला. मी वडिलांकडे बघत होते. त्यांनी पिशवी परत स्वतःकडे घेतली नाही आणि मित्राच्या हातातही सोडली नाही. ती मध्येच होती.

"वाजव," ते म्हणाले.

मित्राने टेम्पोतून स्पीकर आणला, ओट्यावर ठेवला, वायर लावली. मी खुर्चीत बसले. त्याने स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी अंगठा त्या फिक्या डागावर ठेवला आणि जाड तार ओढली.

खरखर झाली. बाकी काही नाही.

परत ओढली. मित्र वाकला, त्याने वायर काढून घातली, निळं झाकण फिरवलं. मग खरखरही थांबली. त्याने वायर बाहेर काढून टोक बघितलं. टोकावर तांबूस ओरखडा होता. त्याने भोकाला डोळा लावला. आत गंज असणार, आणि गंजावर कुंकू. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यामागे उंबऱ्यावर बसलेल्या आईकडे पाहिलं.

आईने विचारलं, "काय झालं रं? बिघडली का?"

"न्हाई काकू," तो म्हणाला. "माझीच वायर खराब हाय. कालच्या कार्यक्रमात पन अशीच दगा देत हुती."

मी त्याचे उपकार अजून फेडलेले नाहीत.

चुलते म्हणाले, की चला, जे व्हायचं ते झालं, द्या आता त्याला. वडिलांचा हात पुढे आला, गिटार घ्यायला. मी ती दिली नाही. मी उठले, आणि गिटार छातीशी धरून घरात गेले. कुणी मला अडवलं नाही. बहुधा त्यांना वाटलं मी रडायला आत चालले आहे.

मागच्या खोलीत मी खाटेच्या कडेला बसले आणि गिटारीचं डोकं कोठीला टेकवलं. माघ होता. कोठीत जेमतेम दोन बोटं गहू असेल. मी सुरू केलं.

पहिल्या तारेला स्वयंपाकघरातलं बोलणं थांबलं. दुसऱ्या ओळीपर्यंत दारात माणसं आली. मी मान खाली घालून दांड्यावरच्या घरांकडे बघत होते, वहीतले आकडे मनात म्हणत. जाड तीन, जाड तीन, दुसरी पाच. बोटं आपापल्या जागी जात होती. माणसांच्या मधून वडील आत आले. ते कोठीजवळ गेले आणि त्यांनी तिच्या पत्र्यावर तळहात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मी वाजवत राहिले. शेवटच्या ओळीआधी एक जागा येते, जिथे हात बारीक तारेवरून परत जाड तारेवर येतो.

"तिथं दोनदा," वडील म्हणाले.

मी थांबले. कळलं नाही म्हणून त्यांच्याकडे पाहिलं.

"तिथं तो दोनदा मारायचा. तू एकदाच मारती."

मी सांगितलं, की वहीत एकदाच आहे.

"वहीत आसंल. मी रोज ऐकत हुतो." त्यांनी पत्र्यावरचा हात काढला नाही. "त्या दिवशी गोठ्यातनं ऐकलं, तवाबी एकदाच मारलं हुतं तू."

भावाने ते लिहिलं नव्हतं, कारण त्याच्या हाताला ते येत होतं आणि हाताला जे येतं ते लिहायची गरज त्याला वाटली नसेल. मी वर्षभर ती वही वाचली होती, आणि माझ्यासारख्या बाईला वाटतं की लिहिलेलं आहे तेवढंच आहे.

मी ती ओळ पुन्हा घेतली. दोनदा मारलं. पत्रा दोनदा घुमला. वडिलांनी डोळे मिटले होते, पण ते रडत नव्हते, मोजत होते. शेवटपर्यंत वाजवून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला आणि दाराकडे वळून भावाच्या मित्राला म्हणाले, "तुमी दुसरी बघा."

तो म्हणाला, "व्हय काका."

जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, नगरला माझ्या वळखीचा मानूस हाय. दोन दिवसांत आतलं साफ करून देतो, वायरीचं भोक नवं बसवून." मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, की गिटार घराबाहेर जाणार नाही, त्या माणसाला इथे आणा. तेव्हा त्यांनी तो शब्द पहिल्यांदा वापरला. माणसाला आणायचं राहून गेलं आहे. मित्र अधूनमधून फोन करून विचारतो आणि मी बघू म्हणते. आईला अजून वाटतं की त्या दिवशी वायर खराब होती.

परवा चैत्रात नवीन गहू आला. वडिलांनी आणि गड्याने कोठी निम्मी भरली आणि बाकीचा गहू पोत्यांत ठेवला. आई म्हणाली, पोत्याला उंदीर लागतील. वडील म्हणाले, लागू देत.

गिटार मागच्या खोलीत आहे. तिला वीज लागत नाही. मी रविवारी वाजवते, आणि त्या जागी दोनदा मारते. कोठी निम्मी रिकामी आहे.